हेन्री नेस्ले

हेन्री नेस्ले (१० ऑगस्ट १८१४ – ७ जुलै १८९०) हे जन्माने जर्मन आणि कर्मभूमीने स्विस असलेले औषधनिर्माते व उद्योजक होते. गाईचे दूध, गव्हाचे पीठ व साखर यांपासून त्यांनी १८६७ मध्ये तयार केलेले 'फारीन लाक्ते' म्हणजेच दुग्धपीठ हे कारखान्यात बनलेल्या आरंभीच्या बाळआहारांपैकी एक होय. त्यांचे नाव आज कॉफी, चॉकलेट व नूडल्स यांच्याशी जोडले जाते. मात्र नेसकॅफे व मॅगी ही उत्पादने त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी कंपनीकडे आली. दुधाच्या चॉकलेटचे श्रेयही त्यांचे नसून वेवे येथील त्यांचे शेजारी डॅनिएल पेटर यांचे आहे.

पूर्वायुष्य

नेस्ले यांचा जन्म जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे झाला. त्यांचे मूळ नाव हाइनरिख नेस्टले. चौदा भावंडांत ते अकरावे होते. वडिलांचा काचकामाचा व्यवसाय होता. हाइनरिख यांनी मात्र एका औषधनिर्मात्याकडे उमेदवारी केली. पुढे ते स्वित्झर्लंडला गेले आणि १८३९ च्या अखेरीस लोझान येथे औषधे तयार करून विकण्याची परवानगी त्यांना मिळाली. त्यानंतर ते जिनिव्हा सरोवराकाठच्या वेवे या फ्रेंचभाषक गावात स्थायिक झाले व नावही फ्रेंच वळणाने लिहू लागले.

१८४३ मध्ये त्यांनी वेवे येथे एक लहानसा कारखाना विकत घेतला. तेथे तेल, मद्य, व्हिनेगर, सोडायुक्त पाणी व लेमोनेड यांचे उत्पादन होत असे. पुढे दिव्यांचा गॅस आणि खते यांकडेही ते वळले. यांपैकी कोणत्याही धंद्याने त्यांना मोठे यश दिले नाही. १८६० मध्ये त्यांचा विवाह क्लेमेंटीन यांच्याशी झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते.

दुग्धपीठाची निर्मिती

त्या काळी युरोपात अर्भकमृत्यूंचे प्रमाण फार मोठे होते. आईचे दूध मिळाले नाही, तर बाळाला दुधात किंवा पाण्यात शिजवलेली पिठाची पेज देण्याची जुनी रीत होती. ही रीत घातक ठरे. पहिल्या काही महिन्यांत पिष्टमय पदार्थ पचवणारी पाचकद्रव्ये बाळाच्या शरीरात पुरेशी तयार होत नाहीत, त्यामुळे कच्चट पेज आतड्यात तशीच राहून अतिसार होई. शहरांतील दूध पुष्कळदा भेसळीचे किंवा नासलेले असे, आणि रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा वैद्यकात रुजलेला नव्हता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी १८६० च्या दशकात पीठ, माल्ट व दूध यांपासून अर्भकांसाठी एक कृती सुचवली होती; परंतु ती घरी मोजूनमापून शिजवावी लागे आणि सामान्य गृहिणीला ती जमणे कठीण होते.

नेस्ले यांनी नेमकी हीच अडचण हेरली. शास्त्रज्ञ जाँ बाल्थाझार श्नेट्झलर यांच्या साहाय्याने त्यांनी पिठातील पचण्यास जड असा पिष्टांश कमी करण्याची पद्धत बसवली. गव्हाच्या कणकेचा पाव भाजून त्याचा चुरा करावयाचा, तो साखर घालून आटवलेल्या दुधात मिसळावयाचा व मिश्रण वाळवून दळावयाचे, असे या कृतीचे स्थूल स्वरूप होते. घरी त्यात केवळ पाणी घालून शिजवणे पुरे होई.

पीठ असलेला हा आहार खरे तर काही महिन्यांच्या बाळाला, म्हणजे मराठी घरांत जिला उष्टावण म्हणतात त्या टप्प्याला, अधिक योग्य होता. त्याची कीर्ती मात्र एका अकाली जन्मलेल्या अर्भकामुळे झाली. आईचे दूध किंवा अन्य कोणताही पर्याय या बाळाला चालत नव्हता; दुग्धपीठावर ते जगले. ही वार्ता पसरली आणि मागणी वाढली. काही वर्षांतच हे डबे युरोपातील अनेक देशांत व अमेरिकेत विकले जाऊ लागले. आडनावाच्या अर्थावरून घेतलेले घरट्याचे कुलचिन्ह नेस्ले यांनी १८६८ मध्ये बदलले. पिलांना भरवणारी पक्षीण हे त्यांचे व्यापारचिन्ह झाले. आपल्या माहितीपत्रकात मात्र त्यांनी पहिल्या महिन्यांत आईचे दूध हाच सर्वांत नैसर्गिक आहार असल्याचे मान्य केले होते.

निवृत्ती व मृत्यू

१८७५ मध्ये नेस्ले यांनी आपला उद्योग जूल मोनेरा व त्यांच्या दोन भागीदारांना दहा लाख फ्रँकना विकला. व्यवहारात त्यांचे नावही खरेदीदारांकडे गेले, त्यामुळे पुढील कंपनीच्या धोरणांशी त्यांचा संबंध उरला नाही. उर्वरित आयुष्य त्यांनी मोंत्र्यो व ग्लियों येथे व्यतीत केले. ग्लियों येथेच त्यांचे निधन झाले.

पश्चात

तयार बाळआहाराच्या मर्यादा लवकरच उघड झाल्या. लंडनचे वैद्य टॉमस बार्लो यांनी १८८३ मध्ये अर्भकांतील स्कर्व्ही रोगाचे वर्णन केले. केवळ डबाबंद आहारावर वाढणाऱ्या बाळांना ताज्या अन्नातील क जीवनसत्त्व मिळत नसे, हे त्याचे कारण पुढे स्पष्ट झाले. नेस्ले यांच्या नावाची कंपनी १९०५ मध्ये अँग्लो-स्विस कंडेन्स्ड मिल्क कंपनीत विलीन झाली. गरीब देशांत बाळदुधाच्या पावडरीचा प्रचार केल्याबद्दल १९७७ मध्ये कंपनीवर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. अशुद्ध पाणी आणि काटकसरीसाठी पातळ केलेली पावडर यांमुळे बाळे दगावतात, हा तिचा मुख्य आक्षेप होता. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीविषयी आचारसंहिता स्वीकारली. भारतात १९९२ च्या कायद्याने अशा पर्यायांच्या जाहिरातींवर बंदी आणली. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध व त्यानंतर त्याच्या जोडीने मऊ पूरक आहार, अशी संघटनेची सध्याची शिफारस आहे.