अब्राहम वाल्ड: ट्रायल कधी थांबवायची, याचं गणित मांडणारा माणूस

नवीन औषधाची ट्रायल सुरू आहे. अर्ध्या पेशंट्सना नवं औषध, अर्ध्यांना जुनेच उपचार. मध्येच दिसलं की औषध लागू पडतंय, तर बाकीच्यांना शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचं का? या प्रश्नाच्या उत्तराचा पाया ज्याने घातला, तो डॉक्टर नव्हता.

अब्राहम वाल्डचा जन्म १९०२ चा, आजच्या रोमानियातल्या क्लुज शहरातला. घर धार्मिक ज्यू. शाळा शनिवारीही भरायची आणि तो त्यांचा विश्रांतीचा वार, म्हणून शिक्षण घरीच झालं. १९३१ मध्ये व्हिएन्नातून गणितात पीएचडी केली, पण ज्यू असल्यामुळे विद्यापीठात नोकरी मिळेना. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा तो अमेरिकेला गेला. मागे राहिलेले बहुतेक नातेवाईक वंशसंहारात मारले गेले.

युद्धकाळात कोलंबिया विद्यापीठात त्याने दोन मोठी कामं केली.

पहिलं, तपासणीचं. ठरलेले सगळे नग तपासूनच निकाल कशाला? प्रत्येक नगानंतर तीन पर्याय: लॉट पास, लॉट नापास, किंवा अजून एक तपासा. चुकायची जोखीम किती चालेल, हे मात्र आधीच ठरवायचं. यात सरासरी निम्म्याच तपासण्या लागायच्या. ही पद्धत युद्ध संपत येईपर्यंत गुप्त होती. १९४७ मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं. आजच्या अ‍ॅडॅप्टिव्ह ट्रायलचं एक मूळ इथे आहे.

दुसरं, विमानांचं. परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा मोजताना त्याने न परतलेली विमानंही हिशेबात धरली.

डिसेंबर १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आला असताना निलगिरीत विमान कोसळून तो आणि त्याची पत्नी दोघंही गेले. तो ४८ वर्षांचा होता.

दुर्मीळ आजारात पेशंटच मोजके असतात. मग तुलनेसाठी जुन्या पेशंट्सच्या नोंदी घेतात. याला म्हणतात एक्स्टर्नल कंट्रोल. पण गोम इथेच आहे. ट्रायलमध्ये येतात ते तोपर्यंत जगलेले पेशंट. जुन्या नोंदींत निदानानंतर लगेच दगावलेलेही असतात. अशी तुलना केली तर साधं औषधही भारी वाटेल. म्हणून काही ट्रायल्समध्ये एक छोटा कंट्रोल गट ठेवतात. तो जुन्या नोंदींशी जुळला तर त्या डेटाला जास्त वजन, नाही जुळला तर कमी. हा नियमही आधीच लिहून ठेवतात.

म्हणून नव्या औषधाची बातमी फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी बघा: थांबायचा नियम आधी ठरला होता का? आणि तुलनेतून कोण गळलंय?