कमलाबाई हटल्या नाहीत

लेखिका दुर्गाबाई भागवत आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यांची धाकटी बहीण कमला सोहोनी?

१९३३ साली मुंबईहून बी.एस्सी. होऊन कमलाबाई बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन तिथले संचालक. एवढा मोठा माणूस, पण मुलगी म्हणून त्यांनी प्रवेशच नाकारला! कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभराच्या अटीवर त्यांना घेतलं. त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं, मग इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

पुढे केंब्रिजला त्यांनी अभ्यास केला तो चक्क बटाट्यावर. पेशीच्या आत एका अतिशय पातळ पडद्यापाशी श्वसनाचं काम चालतं. त्यात लागणारं ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ साली डॉक्टरेट मिळाली.

मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी नीरेवर संशोधन केलं. आपल्या अलिबाग-मुरुडकडे ताडामाडाची काय नवलाई! पण कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरेचा उपयोग होतो, हे त्यांनी तपासून सांगितलं. त्याबद्दल राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. हक्काचं संचालकपद मात्र उशिराच हाती आलं. १९९८ मध्ये त्या गेल्या.