निःशस्त्र सेनानी

युद्ध म्हटले की तलवारी, तोफा आणि बंदुका आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु हाती शस्त्र न घेता आणि प्रतिपक्षाविषयी मनात द्वेष न बाळगता लढली गेलेली युद्धेही इतिहासात आहेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनी आपल्या नागरी हक्कांसाठी असेच एक युद्ध केले. त्या युद्धाचे अग्रणी होते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग.

मार्टिन यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा नगरात झाला. त्यांचे वडील तेथील एका चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली होती. तथापि दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना पदोपदी अपमान सहन करावा लागे. त्यांच्या शाळा वेगळ्या, पाणी पिण्याच्या जागा वेगळ्या, आगगाडीतील डबेही वेगळे असत. मार्टिन यांचा एक गोरा सवंगडी होता. शाळेत जाण्याचे वय होताच त्या मुलाच्या आईवडिलांनी दोघांचे खेळणे बंद केले. आपला अपराध काय, हे त्या बालकास कळेना. त्या दिवशी आईने त्यांना जवळ घेऊन वर्णभेदाची सारी हकीकत सांगितली आणि आपण कोणाहूनही कमी नाही, हे त्यांच्या मनावर बिंबविले.

मार्टिन अतिशय बुद्धिमान होते. वयाच्या पंधराव्या वर्षीच त्यांनी महाविद्यालयात प्रवेश केला. पुढे धर्मशास्त्राचे अध्ययन करीत असता महात्मा गांधींविषयीचे एक व्याख्यान त्यांच्या कानी पडले. त्याचा त्यांच्यावर एवढा परिणाम झाला की, गांधीजींच्या जीवनावरील अनेक ग्रंथ त्यांनी मिळवून वाचले. ख्रिस्ताने शिकविलेले प्रेम आणि गांधीजींचा सत्याग्रह ह्यांचा मेळ त्यांच्या मनात बसू लागला. १९५५ साली बोस्टन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. तत्पूर्वीच, १९५४ साली, ते अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे धर्मोपदेशक म्हणून रुजू झाले होते.

माँटगोमेरीच्या बसगाड्यांत पुढील आसने गोऱ्यांसाठी राखलेली असत. गोऱ्या उतारूंना जागा अपुरी पडली, तर मागे बसलेल्या कृष्णवर्णीयांना उठून उभे राहावे लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स ह्या बाई दिवसभराचे शिवणकाम आटोपून घरी चालल्या होत्या. एका गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्यास चालकाने त्यांना फर्माविले. त्या उठल्या नाहीत. तेव्हा त्यांना अटक करण्यात आली. नगरातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका संघटनेने रातोरात पत्रके छापून बसवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. ५ डिसेंबर रोजी बहिष्कार सुरू झाला आणि त्याच दिवशी आंदोलनाचे अध्यक्षपद किंग यांच्याकडे आले. त्यांचे वय तेव्हा अवघे २६ वर्षांचे होते.

तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. मोलकरणी, मजूर, वृद्ध स्त्रिया कित्येक मैल पायी चालत कामावर जात. ज्यांच्याजवळ मोटारी होत्या, ते इतरांना पोहोचवीत. सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना नाना प्रकारे त्रास दिला. ताशी २५ मैलांची मर्यादा असताना ३० मैल वेगाने मोटार हाकली, एवढ्याच कारणावरून किंग यांनाही कोठडीत टाकण्यात आले.

३० जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांच्या खऱ्या कसोटीचा क्षण आला. ते सभेत असताना कोणीतरी त्यांच्या घरावर बाँब टाकला. घरात त्यांच्या पत्नी कोरेटा आणि अवघ्या काही आठवड्यांची तान्ही मुलगी होती. सुदैवाने दोघींना इजा झाली नाही. किंग धावत घरी आले, तो अंगणात संतप्त लोकांचा मोठा जमाव जमला होता. कित्येकांच्या हाती शस्त्रे होती. किंग यांनी एक शब्द उच्चारला असता, तर त्या रात्री नगरात रक्ताचे पाट वाहिले असते. परंतु फुटलेल्या व्हरांड्यात उभे राहून त्यांनी लोकांना शस्त्रे घरी नेण्यास सांगितले. आपणावर शस्त्र उगारणाऱ्यांवरही प्रेम करण्याची विनंती केली. जमाव शांतपणे पांगला.

त्या रात्रीनंतर त्यांनाही आपल्या कुटुंबाची चिंता वाटू लागली. घराच्या राखणदारांना शस्त्रे बाळगता यावीत, म्हणून त्यांनी परवाना मागितला; तो मिळाला नाही. पुढे त्यांनी पत्नीशी विचारविनिमय केला. अहिंसक लढ्याच्या पुढाऱ्याने घरात शस्त्र ठेवणे विसंगत आहे, असे दोघांनाही पटले आणि घरात असलेले एकमेव शस्त्र त्यांनी दूर केले. अहिंसा ही त्यांना जन्मतः लाभलेली देणगी नव्हती. भीतीवर मात करून त्यांनी ती अंगी बाणविली होती. अखेर सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला आणि डिसेंबर १९५६ मध्ये कृष्णवर्णीय उतारू मानाने हव्या त्या आसनावर बसू लागले.

१९५९ साली किंग पत्नीसह भारतात आले. पंडित नेहरूंची व विनोबांची त्यांनी भेट घेतली. मुंबईतील मणिभवन ह्या गांधीजींच्या निवासस्थानीही ते राहिले. सत्याग्रहाच्या मार्गावरील त्यांची श्रद्धा ह्या यात्रेने अधिकच दृढ झाली.

१९६३ साली बर्मिंगहॅम नगरात लढा पेटला. तेथे शाळकरी मुलेही मोर्चात उतरली. त्यांना ह्या संकटात लोटावे की नाही, असा किंग यांनाही संभ्रम पडला होता. पोलिसांनी त्या मुलांवर कुत्री सोडली. बंबांतील पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी त्यांना खाली पाडले. शेकडो मुले तुरुंगात गेली, परंतु मागे हटली नाहीत. ती छायाचित्रे पाहून जग हळहळले. त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लाख लोक जमले. वर्णावरून नव्हे, तर गुणांवरून माणसाची पारख होईल अशा देशाचे स्वप्न किंग यांनी तेथे बोलून दाखविले. १९६४ साली नागरी हक्कांचा आणि १९६५ साली मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. १९६४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी चळवळीस अर्पण केली.

१९६८ साली मेम्फिस येथे कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार मरण पावले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप पुकारला. किंग त्यांच्या मदतीस गेले. पहिल्या मोर्चात काही लोकांनी दंगल केल्यामुळे ते व्यथित झाले. शांततेने मोर्चा काढून दाखवावा, म्हणून ते पुन्हा मेम्फिसला आले. तेथे ४ एप्रिल रोजी एका मारेकऱ्याच्या गोळीने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय ३९ वर्षांचे होते.

ह्या वार्तेने अनेक नगरांत दंगली उसळल्या. परंतु चारच दिवसांनी, पतीचा अंत्यविधी व्हावयाचा असताना, कोरेटा मेम्फिसला गेल्या. हजारो लोकांसह त्यांनी तो राहिलेला मोर्चा काढला. कोणी घोषणा दिली नाही, कोणी दगड उचलला नाही. पुढे थोड्याच दिवसांत कामगारांच्या मागण्या मान्य झाल्या.

१९८६ सालापासून अमेरिकेत दर वर्षी जानेवारीतील तिसऱ्या सोमवारी किंग यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय सुट्टी पाळली जाते. वर्णभेद अद्याप समूळ गेलेला नाही. म्हणून त्यांचे कार्यही संपलेले नाही. सेनानी पडला तरी त्याची शिकवण पाळणारे लोक उभे राहिले, हाच त्यांचा सर्वांत मोठा विजय होय.