परक्या राणीने वाढलेलं पान

शिरूर तालुक्यात पाबळला मस्तानीची कबर आहे, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पण तिच्या लेकाची अखेर कुठे झाली, असं विचारलं तर बऱ्याच जणी गप्प होतील. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जखमी झाला आणि थोड्याच दिवसांत भरतपूरच्या जाट राज्यात त्याने प्राण सोडला. आईविना वाढलेल्या या पोराला शेवटी आसरा मिळाला तो परक्या मुलखात. तिथल्या राणीचं नाव किशोरी.

किशोरीचं माहेर होडल. दिल्लीहून मथुरेला जाताना आजच्या हरियाणात हे गाव लागतं. वडील चौधरी काशीराम. सासर भरतपूरच्या सिनसिनवार कुळाचं. डीगजवळच्या सिनसिनी गावावरून या कुळाचं नाव पडलं. जाटांमध्ये गोत्राला फार मान. आपल्याकडे सोयरीक जुळवताना देवक बघतात, दोन्हीकडे एकच निघालं की बोलणी थांबतात ना? तिकडे तसंच गोत्राचं. एका गोत्रातली सगळी भावंडं, आईच्या गोत्रातही लग्न होत नाही. अशा रीतीभाती जपणाऱ्या घरातली ही लेक राजा सूरजमलची राणी झाली.

तिला मूलबाळ झालं नाही. सवतीचा मुलगा जवाहरसिंह यालाच तिने पोटच्या पोरासारखं मानलं.

पानिपताआधी सूरजमलने सदाशिवरावभाऊंना सांगून पाहिलं होतं, की बायकामुलं आणि अवजड सामान मागे ठेवा, मोकळ्या फौजेने लढा. भाऊंना ते पटलं नाही. सूरजमल नाराज होऊन निघून गेला. पुढे काय झालं ते आपण जाणतोच. भीमथडीची, म्हणजे आपल्याच भीमाकाठची काटक तट्टं मराठी फौजेत नावाजलेली. ऐटीत उत्तरेत गेलेल्या त्या फौजेतले उरलेसुरले लोक ऐन थंडीत, उपाशी, अंगावर धड कपडा नाही, अशा हालात जाटांच्या मुलखात पोचले. त्यात बायकाही होत्या.

रुसवा धरायचा तर कारण होतं. शिवाय जिंकलेला अब्दाली जवळच दिल्लीत येऊन बसलेला. मराठ्यांना आसरा देणं म्हणजे त्याचा राग ओढवून घेणं. तरीही सूरजमल आणि किशोरीने दार उघडलं. हजारो माणसांना जेवण दिलं, कपडे दिले, जखमींवर उपचार केले आणि वाटखर्चाला पैसे देऊन त्यांना मार्गी लावलं. किती घरांतलं कुंकू या एका पंगतीमुळे वाचलं असेल!

२५ डिसेंबर १७६३ ला नजीबखान रोहिल्याशी लढताना सूरजमल मारला गेला. त्याचा देहसुद्धा घरी आला नाही. बापाची पगडी दिल्लीच्या धुळीत पडलेली असताना लेकाने डोईला पगडी बांधावी कशी, असं म्हणून किशोरीने जवाहरसिंहाला उठवलं, अशी लोककथा आहे. १७६४ च्या अखेरीस त्याने दिल्लीला वेढा घातला. पैसे घेऊन मदतीला आले होते मल्हारराव होळकर. पण त्यांनीच नजीबखानाशी तडजोड केली आणि वेढा उठला. तिने वाढलेल्या पानाची ही आपल्याकडून झालेली परतफेड!

जवाहरसिंह १७६८ मध्ये गेला. घरात भाऊबंदकी सुरू झाली. १७७६ मध्ये नजफखानाने डीग जिंकलं आणि राज्य बुडाल्यात जमा होतं. तेव्हा ही म्हातारी राणी स्वतः त्याच्याकडे गेली, शब्द टाकला आणि दुसरा सावत्र मुलगा रणजितसिंह याच्यासाठी भरतपूर राखलं. तलवारीने गेलेलं तिने बोलण्याने सांभाळलं.

आपल्याकडच्या बाया यात्रेला मथुरा-वृंदावनला जातात. गोवर्धनाच्या परिक्रमेत कुसुम सरोवर लागतं. तिथे सूरजमलची मोठी छत्री आहे आणि तिच्या बाजूला हंसिया आणि किशोरी या दोन राण्यांच्या छत्र्या. गाइड भराभर पुढे नेईल. तुम्ही मात्र क्षणभर थांबा आणि पाबळच्या वतीने किशोरीला एक फूल वाहा.