एरिक ताबार्ली : एका नौकेशी बांधलेले आयुष्य

अटलांटिक महासागर शिडाच्या नौकेतून एकट्याने पार करण्याची शर्यत १९६० मध्ये सुरू झाली, तेव्हा ती जवळजवळ ब्रिटिशांची घरगुती बाब होती. पहिल्या शर्यतीत जेमतेम पाच जण उतरले आणि ब्रिटनच्या फ्रान्सिस चिचेस्टर यांनी ४० दिवसांत न्यूयॉर्क गाठून ती जिंकली. चार वर्षांनी याच शर्यतीत फ्रेंच नौदलातील एक तरुण, अबोल अधिकारी चिचेस्टर यांच्याही पुढे निघून गेला. एरिक ताबार्ली हे नाव त्या दिवसापर्यंत फ्रान्समध्येही फारसे कुणाला ठाऊक नव्हते. त्यानंतरची साडेतीन दशके मात्र फ्रान्समध्ये शिडाची नौका म्हटले, की हेच नाव ओठांवर येई.

ताबार्ली यांचा जन्म २४ जुलै १९३१ रोजी नांत येथे झाला. वडिलांना नौकानयनाचा शौक होता. त्यांनी १९३८ मध्ये एक जुनी शर्यतीची नौका विकत घेतली. स्कॉटलंडचे विख्यात नौकारचनाकार विल्यम फाइफ यांच्या आराखड्यानुसार ती १८९८ मध्ये आयर्लंडमध्ये बांधलेली होती. तिचे नाव ‘पेन दुइक’. ब्रेटन भाषेत काळ्या डोक्याच्या एका चिमुकल्या पक्ष्याला हे नाव आहे. याच नौकेवर एरिक यांनी समुद्राचे पहिले धडे गिरवले. पण दुसरे महायुद्ध आले आणि नौका खाडीच्या चिखलात पडून राहिली. युद्धानंतर वडिलांनी ती विकायला काढली, तर कुजलेल्या लाकडाला गिऱ्हाईक मिळेना. अखेर त्यांनी ती मुलाच्या हवाली केली.

ही भेट म्हणजे खरे तर एक ओझेच होते. नौदलाच्या हवाई शाखेत दाखल झालेल्या ताबार्ली यांनी इंडोचायनात वैमानिक म्हणून काम करताना पगारातील पैसे साठवले, ते या नौकेसाठी. सुटीवर परतल्यावर मात्र नौकेचा सांगाडा दुरुस्तीपलीकडे गेल्याचे उघड झाले. शहाण्या माणसाने तिथेच नाद सोडला असता. ताबार्ली यांनी वेगळाच मार्ग शोधला. जुन्या लाकडी सांगाड्याचाच साचा म्हणून वापर करून, त्यावर काचतंतूंचे कापड आणि राळेचे थर चढवायचे आणि नवे कवच तयार झाले, की कुजके लाकूड दूर करायचे. ला त्रिनिते येथील कोस्तांतिनी यांच्या कारखान्यात त्यांनी यातील बराचसा भाग स्वतःच्या हातांनी केला. साठ वर्षांच्या नौकेला नवे आयुष्य मिळाले. जुन्याविषयी माया आणि नव्याविषयी निर्भय कुतूहल, हे त्यांच्या स्वभावाचे दोन्ही पैलू या एका कामात दिसतात.

१९६४ च्या अटलांटिक शर्यतीसाठी त्यांनी ‘पेन दुइक-२’ बांधून घेतली. सुमारे साडेतेरा मीटर लांबीची, प्लायवूडची, वजनाला हलकी अशी ही नौका खास एकट्या माणसाने हाकण्यासाठी आखलेली होती. प्लायमाउथहून निघाल्यानंतर आठ दिवसांतच तिची स्वयंचलित सुकाणू यंत्रणा मोडली. पुढचा सारा प्रवास अर्धवट झोपेत, हाताने सुकाणू सांभाळत झाला. २७ दिवसांनी न्यूपोर्टच्या किनाऱ्याला लागेपर्यंत आपण पहिले आहोत, याची त्यांना कल्पनाही नव्हती. दुसऱ्या क्रमांकावरील चिचेस्टर जवळजवळ तीन दिवस मागे होते. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी ताबार्ली यांना ‘लेजिओं द ऑनर’ने गौरवले. ब्रिटिशांच्या मक्तेदारीच्या खेळात ब्रिटिशांनाच हरवल्याचा आनंद फ्रान्सने मनसोक्त साजरा केला.

यानंतर ‘पेन दुइक’ हे नाव एकापाठोपाठ एका नौकेला मिळत गेले आणि प्रत्येक नौकेत काहीतरी नवे असे. अॅल्युमिनियमच्या ‘पेन दुइक-३’ने १९६७ मध्ये फास्टनेट शर्यत जिंकली. ‘पेन दुइक-४’ ही तीन सांगाड्यांची नौका होती. अशा नौका महासागरात टिकणार नाहीत, असे तेव्हा अनेक जाणकारांचे मत होते. १९६८ च्या शर्यतीत ती पहिल्याच रात्री एका मालवाहू जहाजावर आदळली आणि ताबार्ली यांना माघार घ्यावी लागली. पण त्यांचा अंदाज चुकलेला नव्हता. त्यांचे सहकारी आलां कोला यांनी हीच नौका विकत घेऊन १९७२ ची शर्यत जिंकली. ‘पेन दुइक-५’मध्ये तोल साधण्यासाठी पाण्याच्या टाक्या बसवल्या होत्या. तिच्यावरून त्यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो ही एकट्याची शर्यत ३९ दिवसांत जिंकली.

अपयशही वाट्याला आले. १९७३-७४ च्या पहिल्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत ‘पेन दुइक-६’ची डोलकाठी दोनदा मोडली आणि विजेतेपद मेक्सिकोच्या नौकेकडे गेले. १९७९ मध्ये अटलांटिक दोनदा ओलांडण्याच्या, महिन्याहून अधिक चाललेल्या शर्यतीत ते अवघ्या पाच-सहा मिनिटांनी हरले.

त्यांच्या कर्तृत्वाचा कळस ठरली ती १९७६ ची अटलांटिक शर्यत. ‘पेन दुइक-६’ ही २२ मीटर लांबीची नौका डझनभराहून अधिक खलाशांसाठी बांधलेली. ताबार्ली तीवर एकटेच निघाले. त्या वर्षी उत्तर अटलांटिकमध्ये एकामागून एक पाच वादळे आली. शर्यतीत उतरलेल्या दोघांनी प्राण गमावले. ताबार्ली यांची सुकाणू यंत्रणा याही वेळी निकामी झाली. हताश होऊन त्यांनी नौकेचे तोंड परत युरोपकडे वळवले. काही तासांची झोप झाल्यावर मन पालटले आणि ते पुन्हा पश्चिमेकडे निघाले. दिवसेंदिवस त्यांची काहीच खबर नव्हती. ते बुडाले असावेत, अशी धास्ती फ्रान्समध्ये पसरली. आणि तब्बल २३ दिवसांनी न्यूपोर्टसमोर पहिली नौका अवतरली, ती त्यांचीच. ७२ मीटर लांबीची अजस्र नौका घेऊन निघालेले कोला काही तासांनी पोहोचले. पॅरिसमध्ये शाँज-एलिझे या राजमार्गावर ताबार्ली यांच्या स्वागताला प्रचंड जनसमुदाय लोटला.

अमेरिकन स्कूनर ‘अटलांटिक’ने १९०५ मध्ये चार्ली बार यांच्या नेतृत्वाखाली हा महासागर १२ दिवस ४ तासांत ओलांडला होता. हा विक्रम ७५ वर्षे अबाधित राहिला. ताबार्ली यांनी १९८० मध्ये तो १० दिवस ५ तासांवर आणला. त्यांच्या ‘पॉल रिकार’ या नौकेला पाण्याखाली पंख होते. वेग वाढला, की ते नौकेला उचलून धरत. आजच्या शर्यतींत पाण्यावरून उडणाऱ्या नौकांची जी कल्पना रूढ झाली आहे, तिचे हे एक आरंभरूप.

या माणसाने शिकवले ते बोलून नव्हे. तो काम करी आणि इतरांनी पाहायचे. ऑलिव्हिए द केरसोसां, मार्क पाजो, फिलिप पुपों, तितुआं लामाझू, मिशेल देझ्वायो असे फ्रान्सचे अनेक नामवंत दर्यावर्दी त्यांच्या नौकांवर घडले. १९९७ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, ईव्ह पार्लिए यांच्या जोडीने त्यांनी अटलांटिकपारची आणखी एक शर्यत जिंकली.

१९९८ मध्ये जुन्या ‘पेन दुइक’ने शंभरी गाठली. त्या वर्षी फाइफ यांच्या नौकांच्या मेळाव्यासाठी ताबार्ली चार सोबत्यांसह स्कॉटलंडकडे निघाले. १२ जूनच्या रात्री वेल्सच्या किनाऱ्याजवळ वारा वाढला. शीड बदलण्याच्या धांदलीत शीड पेलणारी जड लाकडी काठी त्यांच्यावर आदळली आणि ते समुद्रात फेकले गेले. सुरक्षेचा पट्टा बांधण्याची त्यांना कधीच आवड नव्हती. त्याही रात्री तो नव्हता. काळोखात सोबत्यांचा शोध व्यर्थ ठरला. महिनाभराने एका मासेमारी नौकेच्या जाळ्यात त्यांचा मृतदेह सापडला. आयुष्यभर महासागरांनी ज्यांना परत पाठवले, त्यांना अखेर किनाऱ्याजवळच्या पाण्याने ठेवून घेतले. तेही आपल्या सर्वांत लाडक्या नौकेवरून.

२००८ मध्ये लोरियां येथे त्यांच्या नावाने नौकानयनाचे संग्रहालय सुरू झाले. त्यांची कन्या मारी हिने २०२३-२४ मध्ये ‘पेन दुइक-६’ पुन्हा जगप्रदक्षिणेला नेली आणि सर्वांत आधी परत आणली. पन्नास वर्षांपूर्वी दोनदा डोलकाठी गमावून मागे पडलेल्या नौकेने आपली राहून गेलेली फेरी अशी पुरी केली.