चित्रांत प्राण फुंकणारे दादासाहेब फाळके

आपल्या विजयदुर्गाकडे जत्रेला दशावतार असतो. रंग लावला की साधा माणूस रात्रभर देव होतो. निर्जीवात जीव आणावा, आपणही देव व्हावं, ही माणसाची जुनीच ओढ. धुंडिराज गोविंद फाळके यांनी ती पडद्यावर आणली.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. पुढे गोध्र्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथे प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेलं. गेलेला जीव परत आणणं त्यांच्याही हातात नव्हतं.

नंतर मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. आपले राम-कृष्णही असेच हलते-चालते दाखवायचे, हा ध्यास लागला. चित्रपट पाहून पाहून डोळे गेले, उपचारांनी कसेबसे परत आले. तरी माघार नाही! विमा गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याची एकेक चौकट टिपली. पडद्यावर बघता बघता रोप उभं राहिलं! ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' झळकला. 'लंकादहन'मध्ये राम दिसताच प्रेक्षक हात जोडत. 'आगकाड्यांची मौज'मध्ये तर काड्याही हलू लागल्या.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

मुलांनो, वाटाणा आपणहून उगवला होता. फाळक्यांनी ती वाढ जगाला दाखवली. आज यंत्रमानव घडवणाऱ्या माणसाने हा फरक विसरू नये.