हॅल्स्टेड रस्त्यावरची शेजारीण : जेन ॲडॅम्स

समाजसेवेचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आपल्या घरून निघावे, गरजूंना जमेल ते द्यावे आणि दिवेलागणीला परत आपल्या घरी यावे. दुसरा मार्ग म्हणजे जिथे गरज आहे तिथेच बिऱ्हाड करावे. पहिल्या मार्गाला कोणी नावे ठेवू नयेत. त्यानेही पुष्कळांची पोटे भरली आहेत. पण दुसरा मार्ग माणसाला मुळापासून बदलून टाकतो. अमेरिकेतील शिकागो शहरात एका सुखवस्तू घरातल्या मुलीने हा दुसरा मार्ग धरला आणि पंचेचाळीस वर्षे सोडला नाही. या थोर बाईंचे नाव जेन ॲडॅम्स. १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकन स्त्री म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु त्यांच्या चरित्राचा गाभा त्या पारितोषिकात नाही. तो हॅल्स्टेड नावाच्या एका गजबजलेल्या, चिखलाने माखलेल्या रस्त्यावर आहे. म्हणून जेनबाईंची हकीकत सांगायची तर त्या वस्तीचीही सांगितली पाहिजे.

जेनबाईंचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय संस्थानातील सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. वडील पिठाच्या व लाकडाच्या गिरणीचे मालक, संस्थानच्या विधिमंडळाचे सभासद आणि अब्राहम लिंकन यांचे स्नेही. जेन दोन वर्षांची असतानाच आई वारली. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने मुलगी किंचित वाकून चाले. लोकांनी आपल्याला पाहून वडिलांना हसू नये, म्हणून रस्त्याने ती त्यांच्याबरोबर चालायलाही संकोचत असे. रॉकफर्डच्या स्त्री-विद्यालयातून १८८१ साली ती पहिल्या क्रमांकाने बाहेर पडली आणि त्याच वर्षी वडिलांचे छत्र हरपले. डॉक्टर व्हावे म्हणून फिलाडेल्फियाला नाव घातले, तर प्रकृतीने साथ दिली नाही.

मग त्या काळच्या श्रीमंत घरातील मुलींच्या रिवाजाप्रमाणे युरोपचा प्रवास झाला. १८८३ साली लंडनच्या पूर्व भागात एका शनिवारी रात्री त्यांनी सडक्या भाजीपाल्याचा लिलाव पाहिला. फाटक्या कपड्यांतील माणसे हात उंचावून बोली लावत होती. एकाला कोबीचा गड्डा मिळाला. तो तिथेच रस्त्याच्या कडेला बसून त्याने कच्चाच खाल्ला. ते वर आलेले हात जेनबाईंच्या डोळ्यांपुढून कधी हलले नाहीत. आपण एवढे शिकलो, चित्रे पाहिली, संगीत ऐकले, पण या हातांना देण्यासारखे आपल्यापाशी काय आहे, या प्रश्नाने पुढची काही वर्षे त्यांना स्वस्थता लाभू दिली नाही. १८८८ साली त्या पुन्हा लंडनला गेल्या असता त्यांनी टॉयन्बी हॉल ही संस्था पाहिली. तिथे विद्यापीठातून बाहेर पडलेले तरुण कामगारांच्या वस्तीत राहत असत. जेनबाईंना वाट सापडली.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेनबाई आणि त्यांची विद्यालयातील मैत्रीण एलन गेट्स स्टार यांनी शिकागोच्या पश्चिम भागात हॅल्स्टेड रस्त्यावर बिऱ्हाड थाटले. चार्ल्स हल नावाच्या धनिकाने १८५६ साली बांधलेले ते घर. ते बांधले तेव्हा आजूबाजूला मोकळी जागा होती. आता एका बाजूला दारूचा गुत्ता आणि दुसऱ्या बाजूला अंत्यविधीचे सामान पुरवणाऱ्याचे दुकान! या घराला हल हाउस असे नाव पडले.

त्या वस्तीचे वर्णन वाचले म्हणजे आपल्याकडील गिरण्यांच्या भागातील चाळी आठवल्यावाचून राहत नाहीत. हॅल्स्टेड रस्ता आणि नदी यांच्या दरम्यान सुमारे दहा हजार इटालियन लोक, नेपल्स, सिसिली, कॅलाब्रिया या भागांतून आलेले. दक्षिणेला जर्मन, आडगल्ल्यांतून पोलंड व रशियाहून आलेले यहुदी, त्यांच्याही पलीकडे बोहेमियन, वायव्येला कॅनडातील फ्रेंच, उत्तरेला आयरिश. पुढे ग्रीक आले, आणि १९२० नंतर मेक्सिकन. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. एकाचा उपासाचा दिवस तो दुसऱ्याचा बाजाराचा. मॅक्सवेल रस्त्यावरच्या बाजारात हातगाड्यांवर सुया-दोऱ्यांपासून जिवंत कोंबड्यांपर्यंत सारे मिळे. एका कुटुंबासाठी बांधलेल्या लाकडी घरांत तीन-तीन, चार-चार कुटुंबे राहत. पुष्कळ घरांना आत नळ नव्हता. बायका-मुले अंधाऱ्या खोल्यांत ठेकेदाराचे कपडे शिवत बसत. घरोघर फिरून जमवलेली या वस्तीची माहिती हल हाउसतर्फे १८९५ साली नकाशांसह छापून निघाली. एका नकाशात कोणत्या घरात कोणत्या देशाचे लोक, तर दुसऱ्यात कोणत्या घराची आठवड्याची मिळकत किती, हे रंगांनी दाखवले होते. एवढ्याशा भागात अठरा राष्ट्रांची माणसे निघाली!

जेनबाई तिथे शिकवायला गेल्या आणि शिकू लागल्या. आरंभी बालवाडी निघाली, मग कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर. शेजारणी हळूहळू दार ठोठावू लागल्या. कोणाला पत्र वाचून हवे, कोणाला आजारी मुलाजवळ बसायला माणूस हवे. एकदा शेजारच्या चाळीत एक अविवाहित मुलगी बाळंतपणाच्या वेणा देत एकटी पडली होती. डॉक्टरचा पत्ता नव्हता आणि शेजारच्या बायका तिला शिवायला तयार नव्हत्या. जेनबाई आणि त्यांच्या सहकारी ज्युलिया लॅथ्रॉप धावल्या आणि दोघींनी मिळून ते मूल सुखरूप जगात आणले. दोघींनाही त्या कामाचा अनुभव नव्हता.

चुका झाल्या त्याही उपयोगाच्या ठरल्या. गरिबांना स्वस्त आणि पौष्टिक अन्न मिळावे म्हणून १८९३ च्या सुमारास हल हाउसने सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. शास्त्राप्रमाणे मोजूनमापून शिजवलेले सूप आणि रस्से तयार झाले. पण वस्तीतल्या बायका ते नेईनात. पौष्टिक असेल, पण आम्हाला आवडते तेच आम्ही खाऊ, असा त्यांचा सरळ हिशेब होता. गृहिणीच्या चुलीवर दुसऱ्याचा हुकूम चालत नाही, हे जेनबाई उमजल्या.

पहिल्याच नाताळात मुलींपुढे मिठाईचे तबक धरले तर काहींनी तोंड फिरवले. चौकशी करता कळले की त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मिठाई हाताळून त्यांना तिचे दर्शनही नको झाले होते. मिठाई वाटण्याने हे दुःख मिटणारे नव्हते. त्यासाठी कायदा हवा होता. हल हाउसमध्ये येऊन राहिलेल्या फ्लॉरेन्स केली यांच्या खटपटीने १८९३ साली इलिनॉयमध्ये कारखान्यांचा कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी आणि स्त्रियांना आठ तासांचा दिवस मिळाला. आठ तासांचे कलम न्यायालयाने दोनच वर्षांत रद्द केले, तरी वाट पडली ती पडली. १८९९ साली मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय शिकागोत सुरू झाले, त्यामागेही या बायकांचे श्रम होते.

परंतु शेजारणींच्या मनात जेनबाईंनी कायमचे घर केले ते कचऱ्यामुळे. फुटपाथला ठोकलेल्या मोठ्या लाकडी पेट्यांत कचरा कुजत पडे आणि त्यांच्याभोवती मुले खेळत. आपल्या अस्वच्छतेमुळेच रोगराई आहे, असे या गरीब बायकांना जो तो ऐकवी. हल हाउसच्या महिला मंडळातील सभासदांनी ठरवले की हे एकदा नीट पाहायचे. दिवसभराची कामे उरकून, पदराला खोचून म्हणावे तशा, त्या संध्याकाळी गल्ल्यागल्ल्यांतून फिरल्या आणि दोन महिन्यांत आरोग्य खात्याकडे १,०३७ तक्रारी नोंदवल्या. तरी कचरा उचलला जाईना. १८९५ साली जेनबाईंनी कचरा उचलण्याच्या ठेक्यासाठी स्वतःच निविदा भरली! ती तांत्रिक कारणावरून फेटाळली गेली, पण गाजावाजा एवढा झाला की महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक नेमले. पगार वर्षाला १,००० डॉलर. मग सकाळी सहाला उठून घोड्यांच्या कचरागाड्यांच्या मागे जाणे सुरू झाले. एका गल्लीत कचऱ्याचे थर उपसता उपसता अठरा इंच खाली पक्का रस्ताच सापडला. तो तिथे आहे हे राहणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. मृत्युसंख्येत शहरात तिसरा असलेला हा वॉर्ड पुढे सातव्या क्रमांकावर उतरला.

सगळ्याच लढाया जिंकल्या असे नाही. वॉर्डाचा नगरपिता जॉनी पॉवर्स हा पक्का राजकारणी होता. त्याला पाडण्याचा हल हाउसने निवडणुकांत प्रयत्न केला आणि तो फसला. तेव्हा जेनबाईंनी लोकांना दोष दिला नाही. हा माणूस लोकांना का आवडतो याचा विचार केला. मर्तिकाला गाड्या पाठवणारा तोच, मुलगा पकडला गेला तर जामीन देणारा तोच, नाताळात घरी पक्षी पोचवणारा तोच. सार्वजनिक पैसा गिळत असला तरी तो शेजाऱ्यासारखा वागे. सुधारक मात्र निवडणुकीपुरते उगवत. ज्याला लोकांचे भले करायचे आहे त्याने आधी त्यांच्या दुःखाच्या वेळी दाराशी उभे राहिले पाहिजे, हा धडा त्यांनी घेतला.

त्याहून नाजूक प्रश्न घराघरांत होता. मुले इंग्रजी शिकत, कारखान्यात कमावत आणि खेडवळ आईबापांची त्यांना लाज वाटू लागे. १९०० साली जेनबाईंनी श्रमाचे संग्रहालय सुरू केले. तिथे काचेच्या कपाटातल्या वस्तू नव्हत्या. वस्तीतल्याच सीरियन, ग्रीक, इटालियन, रशियन, आयरिश बायका आपापल्या देशाच्या रीतीने सूत काततात, विणतात, हे तिथे पाहायला मिळे. एक इटालियन मुलगी त्याच इमारतीत स्वयंपाकाच्या वर्गाला येई. तिची आई तिथे टकळीवर सूत काती. डोक्याला रुमाल बांधलेल्या, जाडजूड बूट घातलेल्या आईला ती पुढच्या दाराशी सोडी आणि आपण बाजूच्या दाराने आत शिरे. एके दिवशी तिने पाहिले, की शिक्षणशास्त्राची जाणती मंडळी आईभोवती जमून तिचे कसब कौतुकाने पाहत आहेत. तिने जेनबाईंना आईविषयी विचारले, तिच्या गावाकडचे जिणे ऐकले. त्यानंतर मायलेकी एकाच दाराने येऊ लागल्या. जेनबाईंच्या साऱ्या कार्यात हे एक दार मला फार मोठे वाटते. ग्रीक शेजाऱ्यांनी प्राचीन ग्रीक नाटके हल हाउसच्या रंगभूमीवर केली, तीही त्याच भावनेने. फळे विकणारे हे लोक केवढ्या परंपरेचे वारस आहेत, हे शहराला त्या दिवशी कळले. मुलांच्या बँडमध्ये एक गरीब यहुदी मुलगा क्लॅरिनेट शिकला. तो पुढे बेनी गुडमन म्हणून जगप्रसिद्ध झाला. १९०७ पर्यंत हल हाउसच्या तेरा इमारती उभ्या राहिल्या होत्या.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. ज्या देशांचे सैनिक एकमेकांचे गळे कापत होते त्या देशांतील बायका हॅल्स्टेड रस्त्यावर एकाच नळाला पाणी भरत होत्या आणि एकमेकींच्या मुलांना सांभाळत होत्या. गल्लीत जे जमते ते राष्ट्रांना का जमू नये? या विश्वासाने जेनबाई १९१५ साली हेग येथील स्त्रियांच्या शांतता परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. अमेरिका युद्धात उतरल्यावरही त्यांनी मत बदलले नाही. काल ज्यांनी डोक्यावर घेतले त्यांनीच देशद्रोही म्हटले. वृत्तपत्रे उलटली, व्याख्यानांना बोलावणी येईनात. त्यांनी ते मुकाट्याने सोसले. पारितोषिक आले ते त्यानंतर कित्येक वर्षांनी, देह खंगल्यावर. २१ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह हल हाउसमध्ये ठेवला होता, तेव्हा हजारो शेजारी रांगेने येऊन गेले. प्रत्येकाची प्रार्थना निराळी, पण शोक एकच.

कथा इथे संपत नाही. १९६१ साली शिकागो शहराने ही वस्ती पाडून तिथे विद्यापीठ बांधायचे ठरवले. लढायला कोण उभे राहिले? त्याच गल्ल्यांतील गृहिणी! त्यांची पुढारी फ्लॉरेन्स स्काला ही इटालियन शिंप्याची मुलगी. हल हाउसमध्येच वाढलेली. त्यांनी मोर्चे काढले, महापौरांच्या कचेरीत ठाण मांडले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. संस्थेच्या विश्वस्तांनी अखेर भरपाई घेतली. या बायका मात्र शेवटपर्यंत हटल्या नाहीत. १९६३ मध्ये त्या हरल्या. हजारो कुटुंबे पांगली. मूळ घर आणि भोजनगृह एवढेच उरले आणि १९६७ पासून तिथे संग्रहालय आहे. अन्यत्र काम करीत राहिलेली संस्थाही २०१२ साली पैशाअभावी बंद पडली.

मग जेनबाईंच्या हाती काय राहिले, असे कोणी विचारील. इमारती पडतात, संस्था मिटतात, वस्त्या उठतात. पण ज्या बायकांना पूर्वी कचऱ्याच्या पेटीविषयीही ब्र काढण्याची सोय नव्हती, त्यांच्या लेकीबाळी महानगराच्या सत्तेपुढे उभ्या राहिल्या. हे बळ कोणी दान म्हणून दिलेले नव्हते. शेजारणी एकत्र बसल्या, एकमेकींचे ऐकू लागल्या, त्यातून ते आले. आपल्याही मंडळात निरनिराळ्या गावच्या, जातीच्या, भाषेच्या भगिनी एका सतरंजीवर बसतात. ती सतरंजी किती मोलाची आहे हे ओळखावे, आणि जी अजून दाराबाहेर संकोचून उभी आहे तिला पुढच्याच दाराने आत बोलवावे, एवढे जरी आपण जेनबाईंकडून घेतले तरी पुष्कळ झाले.